बिबड्यांच्या पानावरचे निळे शब्द

बिबड्यांसाठी फोन करणाऱ्या बायकांबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती की त्या फोन शैलजाला करत होत्या, आणि शैलजा गेल्या भाद्रपदात गेली.

शैलजा माझी बायको. डिंडोलीतल्या मराठी शाळेत शिकवायची. माहेर चोपड्याचं, त्यामुळे खानदेशातून सुरतेला आलेल्या निम्म्या बायका तिला ताई म्हणायच्या आणि उरलेल्या निम्म्या बायकांशी तिने नातं शोधून काढलेलं असायचं. मी मिरजेचा. विमा कंपनीच्या बदलीने सुरतेला आलो आणि राहिलो. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड, एवढं मला लग्नानंतर कळलं. पापड म्हटलेलं तिला चालत नसे, हे त्यानंतर लगेच कळलं.

होळी झाली की सुरतेत ऊन चढतं आणि डिंडोलीच्या गच्च्यांवर धोतरं, जुन्या साड्या, चादरी अंथरल्या जातात. त्यावर बिबड्या, कुरडया, पापड. आणि शैलजाचा फोन वाजायला लागतो.

"शैलजाताई आहेत का?"

"नाहीत."

"केव्हा येतील?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. पण समोरच्या बाईचा ज्वारीचा घाटा गॅसवर रटरटत असतो, तिचा एक हात पळीवर असतो, तिला त्या वेळी ते सांगणं बरं वाटत नाही. मी म्हणालो, "बाहेर गेल्यात." बाईंनी संध्याकाळी परत फोन केला. "आल्या का?"

माझी मुलगी ऋचा वडोदऱ्याला असते. ती म्हणाली, "बाबा, आईचा नंबर बंद करून टाका. तुम्हाला त्रास होतो."

"करतो."

"करतो म्हणजे केव्हा?"

तसा मी एकदा फोन बंद करून पाहिला होता. दुपारभर बंद ठेवला. त्या दुपारी मी घरात इतक्या फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारलं, फर्निचर हलवताय का. शेवटी मीच तो चालू केला आणि मधल्या वेळात कोणी केला होता का ते बघत उभा राहिलो. भाद्रपदापासून मला एका जागी बसताच येत नाही. चहा टाकतो आणि बाल्कनीत जातो. कोथिंबीर आणायला उतरतो आणि बल्ब घेऊन येतो. बल्ब आमच्या घरात आता भरपूर आहेत.

तर मी एक उपाय काढला. शैलजाला जे येत होतं ते सगळं इंटरनेटवर एका पानावर घालायचं. त्या पानाचा पत्ता बायकांना पाठवायचा. बायका वाचतील, फोन थांबतील, मग नंबर बंद करता येईल. ऋचाला सांगितलं. ती म्हणाली, "छान. पण साधं ठेवा हं, बाबा." विमा कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं. आम्ही सगळं साधंच ठेवतो. लोकांना कळत नाही, तो भाग वेगळा.

शैलजाने स्वतः काही लिहून ठेवलं नव्हतं. तिला विचारलं की ती फोनवर बोलायची, नाहीतर आवाजी निरोप पाठवायची. असे निरोप वैशालीकडे होते. वैशाली समोरच्या इमारतीत राहते. तिचा नवरा सुकदेव पलसाण्याला डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि आमच्या तापी-गिरणा मित्रमंडळाचा सचिव आहे. ह्यातलं कोणतं काम तो जास्त वेळ करतो ते मिलवाल्यांनाच ठाऊक. वैशालीने सगळे निरोप मला पाठवून दिले आणि म्हणाली, "भाऊजी, जपून ऐका हं. ताई फार हसवतात."

मी ऐकायला लागलो. उभ्यानेच. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, बाल्कनीत जाऊन यायचं आणि टाइप करायचं.

"हं वैशाली, ज्वारी ओली करून कांडून घ्यायची. आणि कांडायला सासूबाईंना बसवू नको गं, त्यांच्या गुडघ्याचं त्या कामरेजच्या वैद्यानं काय सांगितलंय? तो वैद्यही एक नमुनाच. त्याच्याकडून परत येताना आमची बस चुकली, मग आम्ही दोघी उसाच्या गाड्यापाशी बसलो, तर तिथे तुझ्या सासूबाई त्या रसवाल्याला म्हणाल्या… हां, तर काय सांगत होते, कांडलेली ज्वारी वाळवून भरडायची. फार बारीक नाही."

हे असं. रसवाल्याला सासूबाई काय म्हणाल्या ते तिने सांगितलंच नाही. भरड रात्री भिजत घालायची, तिथून ती शाळेच्या गॅदरिंगला गेली. लसूण किती, तिथून माझ्या रक्तदाबावर आली. प्रत्येक वेळी "हां, तर काय सांगत होते", आणि पुन्हा ज्वारी.

मी दावे विभागात होतो. पॉलिसीत कोणी गुडघ्याविषयी बोलत नाही, आणि बोललं तर वगळलेल्या आजारांच्या कलमात. मी सगळं अवांतर काढून टाकलं. बस काढली, वैद्य काढला, माझा रक्तदाब काढला. जे उरलं त्याचे विभाग पाडले. विभाग एक बिबडी, विभाग दोन उडदाचे पापड, विभाग तीन कुरडई, विभाग चार मीठ-मसाला, विभाग पाच वाळवणे व साठवण. आणि एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही, ह्या आमच्या ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे जागोजागी "पाहा विभाग चार", "पाहा विभाग तीन" असं लिहिलं. वाचून मला समाधान वाटलं. ते लिखाण कोणत्याही कोर्टात टिकलं असतं.

पान बनवायला हेमराजला गाठलं. हेमराज आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतो आणि घरातून साड्या विकतो. साड्या पलंगावर, गिऱ्हाईक इंटरनेटवर. त्याने माझं लिखाण वर-खाली केलं आणि म्हणाला, "काका, 'पाहा विभाग चार' हे लोक बघत नाहीत. आपण शब्दच निळा करू. 'मीठ' निळं. त्यावर बोट ठेवलं की त्याच पानात खाली, मिठाच्या विभागात नेऊन सोडतो."

"बोट ठेवलं की लगेच?"

"लगेच. माझ्या साड्यांत पाहा. 'काठ' दाबला, काठाकडे. 'पदर' दाबला, पदराकडे."

मी दोन-तीनदा पदराकडे जाऊन आलो. म्हणजे गेलो. परत हेमराजने आणलं. नेऊन सोडतो, हे त्याचे शब्द मी त्या वेळी नीट ऐकायला हवे होते. पण मला त्या निळ्या शब्दांची चटक लागली. नोकरीभर "पाहा कलम अमुक" लिहिलं आणि ते कलम उघडून पाहणारा एक माणूस भेटला नाही. इथे तर नुसतं बोट लागलं की माणूस कलमात जाऊन पडत होता. मी मीठ निळं केलं. लसूण निळी केली. ऊन निळं केलं. पाणी निळं करून कुरडईच्या विभागात नेलं, कारण पाण्याबद्दल सर्वांत जास्त मजकूर तिथेच होता. हेमराज म्हणाला, "काका, आता काळं थोडं राहू द्या."

पान मंडळाच्या वेबसाइटवर टाकायचं ठरलं, कारण तिथे जागा फुकट होती. फुकट जागेला मंजुरी लागते. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यकारिणीची सभा झाली. सुकदेवने विषयपत्रिका वाचली. पहिला ठराव असा की पानाच्या सुरुवातीला अध्यक्षांचं मनोगत हवं. दुसरा असा की मंडळ चवीची जबाबदारी घेत नाही, हे ठळक अक्षरांत हवं. मग एका सभासदाने विचारलं की मनोगत आणि जबाबदारी वाचून होईपर्यंत बाईचं आधण आटेल, त्याचं काय. म्हणून सगळ्यात वर एक निळी ओळ घातली: थेट बिबडीकडे जा. त्यावर अध्यक्ष नाराज झाले. म्हणून त्याच्या शेजारी दुसरी निळी ओळ: थेट मनोगताकडे जा. मनोगत तिथून दोन बोटं खाली होतं.

त्यानंतर धुळ्याकडचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, बिबडीत लसूण नसतो. जळगावकडचे म्हणाले, मग ती बिबडीच नसते. चहा येईपर्यंत हे चाललं. तोडगा म्हणून दोन निळे शब्द आणखी आले, धुळे आणि जळगाव. आपापल्या जिल्ह्यावर बोट ठेवायचं.

"आणि साहेब, खाली संपर्काचा नंबर," सुकदेव म्हणाला. "ताईंचा."

"अहो सुकदेव, तो नंबर बंद करायचा म्हणून तर हे सगळं चाललंय."

"नियम आहे साहेब. पान ज्यांच्या नावाचं, नंबर त्यांचा. मागे आम्ही वधू-वरांच्या पानावर नंबर टाकला नाही, तर सगळ्या सोयरिकी माझ्याच घरी आल्या."

"पण ती नाहीये."

सुकदेव माणूस वाईट नाही. त्याने कागद खाली ठेवले आणि म्हणाला, "मग असं करू. नंबर राहू दे, त्याच्याखाली ताईंचा फोटो लावू. हाराचा. म्हणजे पाहणाऱ्याला कळेल."

हेमराजने फोटो लावला. आणि साडीवाल्याचा नीटनेटकेपणा असा की मजकुरात जिथे जिथे "शैलजाताई सांगत" असं होतं, तिथे तिथे तिचं नाव निळं करून फोटोशी जोडून दिलं. मला न विचारता. चांगल्या भावनेने. आमच्याकडे बरीच नुकसानं अशीच होतात. दावे विभागात मी पाहिलेली आहेत.

पान सुरू झालं. मी पत्ता सगळ्यांना पाठवला आणि शैलजाच्या फोनपाशी उभा राहिलो. आता तो थांबणार होता.

तो पलसाण्याहून वाजला. मग उधन्याहून, मग नंदुरबारहून. जिथून पूर्वी कधी फोन येत नव्हते तिथूनही आता येत होते, कारण आता नंबर सगळ्यांकडे होता.

"भाऊ, मी बिबडी वाचत होते, तर ताईंच्या फोटोपाशी आले."

"बरं."

"आता परत कशी जाऊ?"

"वर सरकवा."

"किती वर? मी लसणापाशी होते."

दुसरी म्हणाली, "भाऊ, मी वाचता वाचता कोठे चालनी गऊ, माले बी समजनं नही." तिसरी नुसतीच म्हणाली, "फोटो येतो हो सारखा," आणि रडायला लागली. शैलजा गेल्याचं तिला त्या फोटोवरूनच कळलं होतं. तिला समजावताना माझा चहा आटला.

ऋचा म्हणाली, "बाबा, त्यांना सांगा, बॅक दाबा." सांगितलं. बॅक दाबलं की आख्खं पानच बंद व्हायचं, आणि मग त्या पुन्हा उघडायच्या, आणि पुन्हा सुरुवातीला अध्यक्ष भेटायचे.

मी स्वतः वाचून पाहिलं. चष्मा लावून, खुर्चीत बसून, वरून खालपर्यंत नीट वाचायचं ठरवलं. पण निळा शब्द दिसला की डोळा तिथे अडतो. जावं की न जावं? जावं म्हटलं तर हातातलं वाक्य सुटतं. न जावं म्हटलं तर आपण काहीतरी मागे टाकून आलो असं वाटत राहतं. दोन ओळींत मी दमलो. तिसऱ्या ओळीत स्क्रीन सरकवताना बोट तिच्या नावाला लागलं आणि मी खाली फोटोपाशी जाऊन पोचलो. फोटो शाळेच्या सहलीतला आहे. हार हेमराजने कॉम्प्युटरवर घातलाय. मी फोन ठेवला आणि खाली कोथिंबीर आणायला गेलो.

कोपऱ्यावर भाईदासचं फरसाणाचं दुकान आहे. भाईदास सुरतीच, पण शैलजाने त्याच्या सुनेला कुरडया शिकवल्या होत्या, म्हणून ते पान त्याच्याकडेही पोचलं होतं. गाठिया तोलता तोलता म्हणाला, "चंद्रकांतभाई, तमारुं पान जोयुं."

"कसं वाटलं?"

"सारुं छे. पण गलीओ बहु छे, घर एके नथी."

"म्हणजे?"

"म्हणजे गल्ल्याच गल्ल्या, घर एकही नाही. माणूस जातोच आहे, जातोच आहे. कुठे बसणारच नाही?" त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "बल्ब लाव्या पाछा?"

मला राग आला. पानाबद्दल बोलला की माझ्याबद्दल, ते विचारायला मी थांबलो नाही. चाळीस शब्द निळे करायला मला अक्कल लागली होती, गल्ल्या म्हणे.

खरा दणका त्याच आठवड्यात बसला. सकाळी वैशालीचा फोन आला. तोही शैलजाच्या नंबरवर, सवय. "भाऊजी, जरा गच्चीवर येता का?" आवाजात काही रडूबिडू नव्हतं, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

सुकदेवच्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्या बायका जमल्या होत्या. ह्या वर्षी सगळ्यांनी मिळून बिबड्या घालायच्या असं ठरलेलं, ताईंच्या पानावरून. कडेपासून कडेपर्यंत धोतरं अंथरली होती आणि त्यावर बिबड्या नव्हत्या. तुकडे होते. उचलायला गेलं की तुकड्यांचे तुकडे. एकही बिबडी गोल राहिलेली नव्हती. वाऱ्याने त्यातला थोडा चुरा पाण्याच्या टाकीपर्यंत नेला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"पानावर होतं तसंच केलं," वैशाली म्हणाली. "तीन दिवस भिजवलं. रोज वरचं पाणी ओतून टाकलं, नवं घातलं."

"ज्वारीचं?"

"ज्वारीचंच."

"अहो, ते कुरडईचं. गव्हाचं. ज्वारीची भरड एक रात्र भिजवायची आणि त्याच पाण्यात शिजवायची. पाणी ओतलं की सगळा चिकटपणा गेला." हे मी इतक्या अधिकाराने म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं. मिरजेचा माणूस.

"हो का? मग पानावर तसं का आलं?"

झालं होतं असं. भरड भिजवताना तिचे हात ओले होते. फोन ओट्यावर टेकवून ती वाचत होती. ओल्या बोटाने सरकवायला गेली आणि बोट "पाणी" ह्या शब्दाला लागलं. पान खाली कुरडईत गेलं. तिला वाटलं, आपणच सरकवलं. पुढे लिहिलं होतं तसं तिने केलं, आणि बाकीच्यांना सांगितलं.

"विभाग तीनला कुरडई असं स्पष्ट शीर्षक आहे," मी म्हणालो. दावे विभागाची सवय.

"शीर्षक वर राहिलं, भाऊजी. मी मधेच उतरले."

सुकदेव मिलची पाळी संपवून नुकताच आला होता, हाताला रंग तसाच. तो म्हणाला, "साहेब, एक आहे, मंडळाने चवीची जबाबदारी घेतलेली नाही."

त्याची आई टाकीच्या सावलीत पाय लांब करून बसली होती. तिने मुलाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "शैलजा सांगे ते ध्यानमा राहे," ती म्हणाली. "हाई काय शे? इकडथून तिकडे पळस नुसतं."

"आजी, तीसुद्धा इकडून तिकडेच जायची," मी म्हणालो. मला वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटलं की मी वाद घालतो. "तिचं बोलणं ऐका तुम्ही. ज्वारीतून गुडघ्यात, गुडघ्यातून बसमध्ये. मी ते सगळं काढून सरळ केलं."

"ऐकूच," वैशाली म्हणाली. तिने फोन काढला आणि आवाज मोठा करून टाकीवर ठेवला.

शैलजा बोलायला लागली. भर उन्हात, सगळ्यांच्या मधे. ज्वारी ओली करून कांडायची. गुडघा. वैद्य. चुकलेली बस. उसाचा गाडा. आजी हसायला लागली आणि तिने गुडघ्यावर हात ठेवला. बायका एकेक करून चुऱ्यापाशी बसल्या. मला जिन्याकडे जावंसं वाटत होतं, पण मधे धोतरं होती.

"हां, तर काय सांगत होते," शैलजा म्हणाली, "कांडलेली ज्वारी वाळवून भरडायची."

सगळ्या माना एकदम हलल्या. बसमध्ये गेलेली एकही बाई मागे राहिली नव्हती. सगळ्या कांडलेल्या ज्वारीपाशी परत आल्या होत्या, जिथून निघाल्या तिथेच.

"परत लावा," मी म्हणालो. वैशालीला वाटलं मला आवाज ऐकायचाय. मला तेही हवं होतं. पण मी मोजत होतो ते दुसरंच. ती जितक्यांदा गेली तितक्यांदा आली. शाळेत गेली, आली. माझ्या रक्तदाबात गेली, त्यात बराच वेळ राहिली, तरी आली. मी मात्र जाण्याचे सगळे रस्ते ठेवले होते आणि येण्याचं ते एक वाक्य, अवांतर म्हणून, पहिल्याच दिवशी कापलं होतं.

आजीने परातीत चुरा गोळा करून त्यावर कच्चं तेल, कांदा आणि शेंगदाणे घातले होते. बिबडीचा चुरा असाही असाच खातात. सुकदेव म्हणाला की पानात बदल करायचा तर नवा ठराव लागेल. "ठराव मंग कर," त्याची आई म्हणाली, "पहिले हाऊ चुरा उचल." सचिव चुरा उचलायला वाकले. मी ते मंजुरी म्हणून धरलं.

हेमराजकडे गेलो तेव्हा तो पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होता. "काका, सगळे निळे शब्द काढून टाकू?"

"मीठ, पाणी, ऊन, सगळं काढ. जिथलं तिथे लिहून टाकू. दोनदा लिहावं लागलं तरी चालेल. पण थोडे नवे घालायचेत." आणि मी त्याला गुडघा, बस, गॅदरिंग आणि रक्तदाब दिले. तिने सांगितलं होतं तसंच, तिच्या शब्दांत. ज्याला जायचंय त्याने त्या निळ्या शब्दावरून जावं, ज्याला बिबडी हवीय त्याने सरळ खाली यावं. "आणि प्रत्येकाच्या शेवटी परत यायचं बटण. जिथून गेला, नेमका तिथेच आला पाहिजे. शीर्षकावर नाही, अध्यक्षांपाशी तर नाहीच."

"होईल. बटणावर काय लिहू? सगळे 'मागे जा' लिहितात."

"लिही, हां, तर काय सांगत होते."

हेमराजने घडी अर्धी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग टाइप केलं. मला दाखवताना म्हणाला, "'हां'च्या पुढे स्वल्पविराम आहे ना काका?"

"आहे. तिथे ती श्वास घ्यायची."

पान नवं झालं तेव्हा मी खाली फोटोपर्यंत गेलो. हार काढायला सांगितलं होतं, तो काढला होता. पण फोटोच्या खालीही ती निळी ओळ आली होती: हां, तर काय सांगत होते. ती मी सांगितली नव्हती. हेमराज म्हणाला, "ती सगळीकडे एकदम लागते काका. काढू का?" मी त्या ओळीवर बोट ठेवलं. पान वर गेलं. ज्वारी ओली करून कांडून घ्यायची.

"राहू दे," मी म्हणालो.

मग फोन थांबला. खरंच थांबला. वैशालीच्या दुसऱ्या खेपेच्या बिबड्या गोल निघाल्या, तिने अख्खी चळत आणून दिली. पलसाण्याहून फोन नाही, नंदुरबारहून नाही. उपाय लागू पडला होता. मी अर्थातच घरभर फिरत होतो. शैलजाचा फोन टेबलावर होता आणि मी त्याच्याकडे जाऊन तो चालू आहे ना, ते बघत होतो. खालच्या मजल्यावरच्यांनी फर्निचरविषयी विचारायचंही सोडून दिलं.

ऋचा म्हणाली, "बाबा, पान मी वाचलं. शेवटपर्यंत." मग म्हणाली, "रविवारी येते. नंबर बंद करायचा अर्ज तेव्हा करू या का?"

"ये," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी मी चहा टाकला आणि बाल्कनीत गेलो, आणि फोन वाजला. शैलजाचा. मी पळालोच.

"शैलजाताईंचं घर ना? मी कामरेजहून बोलते. पान वाचलं त्यांचं. फोटोही पाहिला. तुम्ही त्यांचे यजमान का?"

"हो. काय अडलं? मीठ का?"

"नाही नाही, बिबड्या झाल्या. छान झाल्या. ते गुडघ्याचं विचारायचं होतं."

"गुडघ्याचं?"

"अहो, बस चुकली, मग त्या दोघी उसाच्या गाड्यापाशी बसल्या, आणि त्या आजी रसवाल्याला काहीतरी म्हणाल्या, तिथे ताई थांबल्यात. काय म्हणाल्या? आमच्या घरात सगळे विचारतायत. तो गाडा आमच्याच नाक्यावरचा आहे."

मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने मला सांगितलं होतं, पदराने तोंड पुसत, हसू आवरत. हे कधी कोणी मला विचारेल असं वाटलं नव्हतं. मी फोन कानाला लावून खुर्ची ओढली.

"त्याचं असं झालं," मी म्हणालो, "मुळात बस चुकली ती आजींमुळे नाही, शैलजामुळे चुकली. तिला बस स्टँडवर एक माजी विद्यार्थी भेटला. आता हा विद्यार्थी कोण, तर…" आणि आतून चहा उतू गेल्याचा वास आला. "एक मिनिट हं. ठेवू नका."

मी आत गेलो, गॅस बंद केला, ओट्यावरचा चहा फडक्याने टिपला, आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसलो. बाई धरून होत्या.

"हां," मी म्हणालो, "तर काय सांगत होतो?"